थळच्या किनाऱ्यावरची किंकाळी

काल एका सभागृहात तो जुना, अंगावर येणारा सिनेमा पुन्हा दाखवला. पडद्यावरच्या बाईने किंकाळी फोडली आणि माझ्या नाकात एकदम थळच्या वाळत घातलेल्या बोंबलांचा वास भरला.

ती बाई माझी काकी. साठच्या पुढचं कुठलंसं साल होतं. मुंबईहून कॅमेरा घेऊन माणसं आली, तेव्हा काका आणि गावातले सगळे पुरुष दर्यात होते. आम्हा कोळणींच्या फक्त डाव्या हातात बांगड्या. उजव्या हातातल्या लग्नातच दर्याला द्यायच्या, म्हणजे तो नवऱ्याला सांभाळतो. दिग्दर्शकाला मात्र दोन्ही हात भरलेले हवे होते.

"नको रं दादा, ह्यो हात दर्याला दिलाय," काकी हसत म्हणाली. त्याने तिचं मनगट धरलं तेव्हा तिचं हसू गेलं. हिरव्या बांगड्या त्या हातात कोंबताना दोन फुटल्या, रक्त आलं, आणि काकी दर्याकडे तोंड करून ओरडली. कॅमेरा चालूच होता.

काका संध्याकाळी सुखरूप परतला. काकीने मात्र पुढे जन्मभर त्याची होडी किनाऱ्याला लागल्याशिवाय तोंडात घास घातला नाही.

समीक्षक म्हणतात, हा सिनेमा म्हणजे एक भयाण स्वप्न आहे. असेल. स्वप्न कुणाचं, हे कुणी विचारत नाही. काल त्या किंकाळीवर टाळ्या पडल्या. शेजारचा तरुण भारावून म्हणाला, "असा आवाज कसा काढून घेतला असेल हो त्यांनी?"

"हात पिरगळून," मी म्हटलं.