सुनूची रफ वही

सुनू गेली त्या सकाळी मी तिच्याच घरी, तिच्या वकिलासाठी कागद लावत बसले होते. तारखेप्रमाणे, पानांच्या कडेला रंगीत टॅब चिकटवून. दोन दिवसांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून तिला वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं होतं, घरी सोडणार होते. हॉस्पिटलमधून फोन आला, आणि मी आधी हातातला टॅब सरळ चिकटवला, मग उठले... सात आठवडे झाले, ते चिकटवणं मला अजून छळतंय.

आर्या, नील, तुम्हाला सुनूआजी म्हणजे व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून ओरडणारी बाई. माझी धाकटी बहीण. पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकून सिडनीत आली आणि वर्षानुवर्षं एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये राबली. रक्ताचे नमुने तासन्‌तास फ्रिजबाहेर पडून असतात, अशी तिने लेखी तक्रार केली. दीड महिन्यात नोकरी गेली. लॅब म्हणाली, तुझ्या कामात चुका होत्या. सुनू म्हणाली, हा तक्रारीचा राग आहे. आणि या वयात तिने फेडरल कोर्टात दावा लावला.

मला वाटायचं, कोर्ट म्हणजे पिंजरा आणि उलटतपासणी. पण खटला उभा राहण्याआधीच वर्ष सरलं. दावा, त्याला उत्तर, मग दोन्ही बाजूंनी आपापले कागद एकमेकांना दाखवायचे, मग मध्यस्थासमोर बसायचं. तिथे मिटलं नाही तरच खटला. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. कागद म्हटल्यावर मी तिच्याकडे राहायलाच गेले.

नोकरीत असताना सुनू रोज संध्याकाळी लॅबमध्ये काय झालं ते एका वहीत मराठीत लिहायची. हाताला लागेल त्या पेनने, चहाचे डाग, मध्येच भाजीची यादी, आणि सगळ्याला कांद्याच्या पातीच्या जुडीचं रबर. असली वही कोर्टात कशी द्यायची? आपल्याकडे शाळेत रफ वहीतलं फेअर वहीत उतरवूनच बाईंना दाखवतात. मी तेच केलं. चार दिवस बसून सुबक अक्षरात उतरवली, शेजारी इंग्रजी भाषांतर. रफ वही रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकली.

"ताई, वही कुठाय?"

"फेअर केली. बघ, किती स्वच्छ!"

"स्वच्छ? अगं, पुरावा होता तो! मार्क मिळवायचेत का आपल्याला?"

दोघी गाऊनवरच ड्राइव्हवेवर बिन उपडी करत होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणावरून काळजीने विचारलं, "यू राइट, लेडीज?"

"नो वरीज, मेट!" सुनू बिनमधूनच ओरडली.

वही सापडली. तिने तिथेच उभ्याउभ्या माझी प्रत ताडून पाहिली. मी एक नोंद गाळली होती. 'आज दोन नमुन्यांच्या लेबलांची माझ्याकडून अदलाबदल झाली. वेळेत सुधारली, पण कुणाला सांगितलं नाही.' त्याच पानावर खाली होतं, 'मॅनेजरने बोलावलं. म्हणाला, तक्रार मागे घे, नाहीतर इथे तुझं अवघड आहे.'

"वरचं कशाला त्यांच्या हातात द्यायचं?" मी म्हटलं.

"आपल्याविरुद्ध जाणारंही द्यावं लागतं, ताई. आणि वरचं लपवलं तर खालचं कोण खरं मानेल?" मग वहीला रबर चढवत, "तुझी फेअर प्रतही द्यायच्या कागदांच्या यादीत टाकते. तोही कागदच."

"माझी अब्रू जाईल गं..."

"जाऊ दे की. माझी एकटीचीच का जावी?"

तिने दोन्ही यादीत टाकल्या, शपथेवर सही केली. मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही. नवव्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं.

तिच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्याकडे आहे. तिची वकील, ग्रेस, हळूच म्हणाली, दावा इथेच थांबवता येईल. कोर्टाच्या परवानगीने पुढे न्यायचा, तर ती नोंद कुणी आणि का गाळली, हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. तीन दिवस मी घरभर येरझाऱ्या घातल्या. मसाल्याचे डबे काढले, लावले, पुन्हा काढले. काल शपथपत्रावर सही केली. मध्यस्थासमोर सुनूच्या खुर्चीत आता मी बसणार.

वही ग्रेसकडे गेली. रबर मी ठेवून घेतलं. या पत्राचे कागद त्यातच गुंडाळून तुम्हाला पाठवतेय. खाडाखोड आहे, एका पानावर चहा सांडलाय, आणि टॅब चिकटवल्याचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय. फेअर करायला बसले होते... उठले.