बाईंच्या घरची तपासणी

"हात नका देऊ. नुसते उभे राहा."

हे म्हणताना बाई डावा तळहात पुढे धरायच्या, नाशकातल्या द्वारका चौकातला पोलीस ट्रकपुढे धरतो तसा. उजवा हात आणि उजवा पाय पक्षाघाताने अर्धवट नेले होते. जिन्यात त्या थांबलेल्या दिसल्या की माणसाचा हात आपोआप पुढे होतो. तुमचाही झाला असता. मग तो तळहात यायचा आणि आपण जागीच थबकायचो. बाई कठडा धरून, पाय ओढत एकेक पायरी चढायच्या. वर पोचल्या की मागे वळून म्हणायच्या, "झालं की नाही?" जणू शंका आपणच घेतली होती.

त्या माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची, कारण नोकरीभर त्या घोटीकडच्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका होत्या. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून त्या मला "अहो ग्रंथपाल" अशी हाक मारायच्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्याचा त्यांना काही उपयोग वाटत नसावा.

शाळेच्या गोष्टी सांगताना त्या सगळ्यात रंगायच्या तपासणीवर. साहेब येणार असा निरोप आला की आदल्या संध्याकाळी मोडके बाक सरपंचांच्या गोठ्यात जायचे. गळक्या कोपऱ्यावर नकाशा टांगला जायचा. लग्नघरातून सतरंजी यायची. "एकदा साहेबांनी नकाशाला हात लावला," बाई सांगायच्या, "तर अख्खा भारत ओला! म्हणाले, बाई, हे काय? मी म्हटलं, साहेब, पावसाळा शिकवतेय." आणि तोंडावर पदर धरून हसायच्या.

तर अशा बाई एकदा बाथरूममध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, पण बंगळूरचा मुलगा धास्तावला. त्याने इथल्या दवाखान्यात बोलून ठरवलं, की तिथले दोघे जण घरी येतील आणि आई घरात कशी वावरते ते पाहतील. एक फिजिओथेरपिस्ट, तो चालणं, उठणं, तोल बघणार. दुसरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ती रोजची कामं जमतात का ते बघणार. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ते म्हणाले एकटी राहू शकते, तर राहा. नाही म्हणाले, तर माझ्याकडे यायचं. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या बराच वेळ गॅलरीतून खाली पाहत बसल्या. मुलाच्या घरी त्यांना वाईट वागवत नव्हते. पण तिथे उंच मजल्यावरून खाली पाहिलं तर एकही डोकं ओळखीचं नसतं, असं त्या म्हणायच्या. इथे रस्त्यावरून जाणारा कुणीतरी मान वर करून "बाई, बरं आहे ना?" विचारायचा. घोटीकडचे जुने विद्यार्थी नाशकात आले की तांदळाची पिशवी ठेवून, पाया पडून जायचे.

शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. "ग्रंथपाल, तपासणी आहे. तयारीला लागायचं."

तयारी म्हणजे काय, ते मला आदल्या संध्याकाळी कळलं. पलंगाच्या पायाला एक जाड दोरी बांधलेली असायची, ती धरून बाई सकाळी उठून बसत. ती त्यांनी सोडायला लावली. ओट्यापाशी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसून त्या स्वयंपाक करत. ते माझ्या घरी. बाथरूममधली प्लॅस्टिकची खुर्ची माझ्या घरी. मूठ जाड व्हावी म्हणून चिंध्या गुंडाळलेला चमचा आणि झारा, तेही माझ्या घरी. माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे त्यांचा संसार गोळा झाला. इकडे त्यांच्या फरशीवर फिनेल फिरलं आणि त्यावर ट्रंकेतला लाल गालिचा पसरला.

मी भीत भीत म्हटलं, "बाई, पण ते हेच बघायला येतायत ना?"

"मोडका बाक कुणी साहेबाला दाखवतं का?"

"ते साहेब नाहीत हो."

"लिहून घेणारा प्रत्येक माणूस साहेबच असतो. तुम्ही सकाळी चहा करून थर्मासमध्ये भरा. आणि गप्प बसा."

मी गप्प बसलो. ते मला जमतं.

सकाळी दोघे आले. पंचविशी-तिशीतली, पाठीवर पिशव्या अडकवलेली मुलं. बाई इस्त्रीच्या साडीत, खुर्चीत ताठ. फिजिओने आधी वाकून गालिच्याची कड उचलून पाहिली. "आजी, हा रोज असतो?"

"रोज," बाई म्हणाल्या.

त्याने त्यांना पलंगावर झोपायला आणि एकटीने उठून बसायला सांगितलं. बाई आडव्या झाल्या. डावा हात सवयीने दोरीकडे गेला, तिथे दोरी नव्हती. त्या थोड्या उठल्या आणि मागे पडल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा पडल्या. साडीची घडी विस्कटली. मी भिंतीकडे पाहत राहिलो.

सोबतची मुलगी हळुवारपणे म्हणाली, "राहू द्या आजी. चहा कोण करतं?"

"मीच."

"मग आम्हाला अर्धा अर्धा कप मिळेल?"

"झालाय. थर्मासमध्ये आहे."

ती स्वयंपाकघरात डोकावून आली. ओटा लखलखीत, एक भांडं बाहेर नाही. तिने सोबत्याला दबक्या आवाजात सांगितलं, "इथे कुणी स्वयंपाक करत असेल असं वाटत नाही. एकटं राहणं कठीण दिसतंय."

बाईंचे कान शाबूत होते. वर्गाच्या शेवटच्या रांगेतली कुजबुज ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना पक्षाघातानंतर पाहिलं होतं, पडल्यावर पाहिलं होतं, पण असा चेहरा पाहिला नव्हता.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ग्रंथपाल, गोठ्यातले बाक आणा."

मी धावलो. स्टूल, खुर्ची, दोरी, चमचा, झारा. समोरासमोरच्या दोन दारांतून माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या फेरीला ती मुलगी खळखळून हसली. "आजी, अजून काय काय लपवलंय?"

"ह्यांना विचारा. चोरीचा माल ह्यांच्याकडे आहे."

दोरी बांधली. बाई पुन्हा आडव्या झाल्या. फिजिओ मदतीला सरसावला, तसा डावा तळहात वर आला. "हात नको देऊ, बाळा. नुसता उभा राहा." आणि दोरी खेचत, ओठ दाबून, त्या उठून बसल्या.

"झालं की नाही?"

मग चहा. स्टुलावर बसून त्यांनी पातेलं नळाखालून गॅसपर्यंत ओट्यावरून सरकवत नेलं, उचललं नाही. कप पातेल्याला टेकवून ठेवले आणि डाव्या हाताने चहा त्यांत ओतला. थोडा सांडला, तो पुसला. आम्ही तिघं दारात उभे होतो. एवढ्या शांततेत मी कधी चहा होताना पाहिला नाही.

चहा पिऊन झाल्यावर त्या दोघांनी बाईंना चांगलं फैलावर घेतलं. स्टुलाचा एक पाय डुगडुगतो, त्याला रबर लावा, नाहीतर तो कधीतरी तोंडावर पाडेल. दोरीची गाठ सरकते. बाथरूममध्ये भिंतीला दांडा हवाच, त्याशिवाय आंघोळ नाही. बाई खाली मान घालून "हो सर, हो मॅडम" म्हणत होत्या. गालिचा तर मुलीने स्वतः गुंडाळला. "हा पुन्हा दिसला तर मी मुलाला फोन करीन."

मुलाला त्यांनी कळवलं, की आजी राहू शकतील. दांडे बसवा, फरशी कोरडी ठेवा आणि रोज सकाळी कुणीतरी डोकावून जायला हवं.

"कुणीतरी म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं आणि माझ्याकडे न पाहता पदर नीट करत बसल्या.

"सात वाजता येत जाईन," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज सातला मी त्यांची बेल वाजवायचो. आतून आवाज यायचा, "उठतेय. उभे राहा." मग पाय ओढल्याचा आवाज, भिंतीवरच्या दांड्यावर हात पडल्याचा आवाज, आणि कडी. काम असं काहीच नसायचं. कधी पेपरातलं काही वाचून दाखवायचो, कधी नुसताच चहा. बाई आपल्या घरात राहत होत्या, आणि मी त्याचा साक्षीदार होतो.

गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी न विचारता त्यांचा हात धरला. त्यांनी तळहात वर केला नाही. तेव्हाच मला कळलं.

मुलाने घर आवरलं. जाताना विचारलं, "काका, आईचं काही हवंय?" मी स्टूल मागितलं. ते आता माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे आहे, लपवायला आणलं होतं त्याच जागी. डुगडुगत्या पायाला त्या मुलीने सांगितलेलं रबर आहे.

समोर आता एक तरुण जोडपं राहायला आलंय. परवा सकाळी त्या मुलाने दार उघडलं आणि मला पाहून दचकला. म्हणाला, "काका, काही हवं होतं का?"

सात वाजले होते. "नाही," मी म्हटलं. "नुसता उभा आहे."