शालनताईंच्या मोज्यांच्या बाहुल्या

आमच्या जुईनगरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर शालनताईंचं पाळणाघर आहे. पाटी नाही, जाहिरात नाही. दारात बोटभर चपलांचा ढीग दिसला की समजावं, हेच ते. मी समोरच्या दारातली. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण एकाच वेळी सहा पोरं झोपवणं मला जन्मात जमलं नसतं. ताई थोपटता थोपटता काहीतरी पुटपुटतात आणि पोरं पटापट आडवी होतात. एकदा विचारलं, मंत्र कुठला? तर म्हणाल्या, "कसला मंत्र बाई? आमच्या गावाकडच्या म्हशींची नावं घेते."

गाव साताऱ्याकडचं. नवरा ज्योतिबा एपीएमसी मार्केटच्या फळबाजारात माथाडी कामगार. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून उत्कर्षा नेरूळला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. दिवसभर घरात ताई आणि सहा पोरं.

आता ह्या घरात नाताळ कुठून आला? चार वर्षांपूर्वी शिवतेज नावाचं एक पोर हटून बसलं होतं. सांताक्लॉज सगळीकडे जातो, पाळणाघरातच का येत नाही? ताईंनी ठोकून दिलं, "येतोय की. लांबनं यायचंय त्याला, वेळ लागंल." पोराला दिलेला शब्द मोडायचा नाही, हा ताईंचा खाक्या. दोन दिवसांत त्यांनी मोज्यांच्या बाहुल्या शिवल्या, आणि मग दरवर्षीच शिवू लागल्या, दर खेपेला नव्या रूपाच्या.

मोज्यांच्या का, तर पाळणाघरात मोजाच हमखास हरवतो, आणि तोही जोडीतला एकच. आई वैतागून दुसरा तिथंच टाकून जाते. ताई ते एकेकटे मोजे वर्षभर धुऊन पिशवीत साठवतात. ज्याचा मोजा, त्याचीच बाहुली. पोटात जुन्या उशीचा कापूस, आणि दाढीला सफरचंदांवर असते ती पांढरी फोमची जाळी. जाळ्या ज्योतिबा आणतो. बायको त्या जाळ्यांनी भांडी घासते अशी त्याची समजूत.

शिवणं सगळं चोरून, दुपारी एक ते तीन, पोरं झोपलेली असताना. सून घरात नसते, नवरा बाजारात. ही गोष्ट फक्त मला ठाऊक, कारण सुईत दोरा ओवायला ताईंना माझे डोळे लागतात. "कुणाला बोलायचं न्हाई हां बाई. आया दारात उभ्या ऱ्हातात, पोरगं बाहुली दाखवतंय आन् त्यांचं तोंड असं उघडं पडतंय! त्येच बघायचं असतं मला." वर्षभर दुसऱ्यांची शी-शू काढणाऱ्या बाईची ही एवढीच काय ती चैन.

यंदा बावीस डिसेंबरच्या संध्याकाळी क्षिप्रा तिच्या उन्नतीला न्यायला आली. क्षिप्रा आयटीत मोठ्या हुद्द्यावर. उन्नती सहा महिन्यांची असल्यापासून ताईंकडे, आता अडीच वर्षांची झाली. चपला घालता घालता क्षिप्रा सहज बोलून गेली, "मावशी, डोळ्यांना बटणं नका ना लावू. उन्नती तोंडात घालते. धाग्यानेच काढा डोळे."

ताई हो म्हणाल्या. लिफ्टचं दार बंद झालं आणि त्या तडक माझ्याकडे आल्या.

"बाई, तुमी बोललात?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. चार वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले, त्याचं हे फळ! "मी कशाला बोलू? आणि बटणं लावलीत हे मला तरी कुठे माहीत?"

ते खरंच होतं. बटणं त्यांनी त्याच दुपारी, मी आदल्या दिवशी ओवून ठेवलेल्या दोऱ्याने लावली होती.

आम्ही दोघी त्यांच्या खोलीत गेलो. ताई जिथे बसून शिवतात त्याच्या बरोबर समोर भिंतीवर काळं डिजिटल घड्याळ. दिवाळीत क्षिप्राने भेट दिलेलं. ताई ते रोज पदराने पुसायच्या, आल्या-गेल्याला दाखवायच्या. मी स्टुलावर चढले. आकड्यांच्या शेजारी मोहरीएवढी काच होती. माझ्या चिरंजीवांनी पुण्याहून येऊन माझ्या दारावर असाच डोळा बसवलाय, म्हणून ओळखलं.

"कॅमेरा आहे, ताई."

त्यांनी लगेच पदर सारखा केला. मग विचारलं, "ह्ये त्यांना तिकडं कसं दिसतं?"

"वायफायवर."

"वायफाय तर आमचंच हाय. पासवर्ड मला न्हाई म्हाईत. उत्कर्षाला हाय."

उत्कर्षा साडेसातला आली. खांद्यावरची पर्सही काढू न देता ताईंनी विचारलं. तिने नाकारलं नाही. "आई, टेन्शन नका घेऊ. क्षिप्रा मॅडम बोलल्या, कॅमेरा नसेल तर उन्नतीला काढते. एकीने काढलं की सगळ्या काढतात. मग काय केलं असतं आपण? आणि सगळ्यांना लिंक दिलीये, फक्त त्यांनाच नाही. सगळ्या किती कौतुक करतात तुमचं!"

"मला इचारायचं हुतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"दुपारी पोरं निजली की मी हितंच साडी बदलते. तुला ठावं हाय त्ये."

उत्कर्षाचा चेहरा उतरला. "तेव्हा कोण बघतंय, आई? सगळे कामावर असतात," ती म्हणाली, पण तिचा तिलाच तो शब्द पटला नसावा. बटणं कामावरूनच तर दिसली होती.

मला वाटलं होतं, ताई आरडाओरडा करतील, घड्याळ फोडतील. मी असते तर फोडलं असतं. त्यांनी ते उतरवून कागदात गुंडाळलं आणि भाकरी करायला बसल्या. सुनेला वाढलं. मला म्हणाल्या, "परक्यांचं सोडा बाई. ही माझ्या ताटात जेवती." मग त्यांना रडू आलं.

बाहुल्या आता कशाला द्यायच्या, असं मी म्हटलं. त्यावर त्या माझ्यावरच उखडल्या. "पोरांनी काय केलंय?" आणि रात्री माझ्याकडून दोरा ओवून घेऊन उन्नतीच्या बाहुलीची बटणं काढून धाग्याने डोळे भरले.

चोवीसला संध्याकाळी मी मुद्दाम माझ्या दारात उभी राहिले. दोन दिवस कॅमेरा का बंद, तर वायफाय बिघडलंय, असं उत्कर्षाने आयांना कळवलं होतं. पोरं बाहुल्या नाचवत होती, दाढ्या ओढत होती. आया एकेक करून आल्या, आणि काय सांगू, प्रत्येकीने तोंडाचा आ केला. "अय्या, कित्ती गोड!" "मोज्याची? काय डोकं आहे मावशी तुमचं!" शाळेच्या गॅदरिंगला मी इतकी वर्षं नाटकं बसवली, असा अभिनय एका पोराकडून करून घेता आला नाही मला. ज्या चेहऱ्यांसाठी ताई वर्षभर मोजे साठवायच्या, ते सगळे चेहरे दारात हजर होते, आणि एकही खरा नव्हता.

शेवटी क्षिप्रा आली. उन्नतीची बाहुली हातात घेऊन तिने डोळे मोठे केले; बटणांचं आपण बोलून गेलो होतो हे ती विसरलीच असावी. "ओ माय गॉड! हे कधी केलंत तुम्ही?"

ताईंनी कागदात गुंडाळलेलं घड्याळ तिच्या हातात ठेवलं.

क्षिप्रा एकदम हळू आवाजात म्हणाली, "मावशी, प्लीज, मुलांसमोर नको."

"पोरांची कसली लाज, मॅडम?" शालनताई म्हणाल्या. "मी साडी बदलायचे तवा ती निजलेली असायची. जाग्या तुमीच हुतात."