गालाची पारख

आमच्या गच्चीवर दत्तूभाऊंचे फडके वाळत असतात. खाली त्यांचं गाड्या चमकवायचं दुकान आहे. या मायक्रोफायबरच्या फडक्यांचे लाड असे, की एखाद्या संस्थानिकाच्या पोरालाही हेवा वाटावा! गरम पाणी नाही, कडक ऊन नाही, सुती कपड्यांची संगत तर मुळीच नाही, कारण त्यांची तूस चिकटते. जमिनीला टेकलेला फडका घराण्यातून बाद. त्यात वाळूचा एक कण जरी अडकला, तरी काळ्या गाडीवर असे ओरखडे उठतात, की मालकाची किंकाळी तीन तालुक्यांत ऐकू जाते.

म्हणून धुतलेला प्रत्येक फडका दत्तूभाऊ गालावरून फिरवून पाहतात. पॉलिशचं थरथरतं मशीन धरून धरून त्यांची बोटं केव्हाच बधिर झाली आहेत.

"भाऊ, फडक्यांचे मुके घेणं पुरे, वहिनी बघतायत!" असं मी चिडवायचो.

आज त्यांनी एक फडका माझ्यापुढे धरला. "तुम्ही बघा जरा. मला तर साफ लागतोय."

मी तो गालावरून फिरवला. बारीकसं काहीतरी टोचलं.

माणसाची जाणीव जाते तेव्हा आवाज होत नाही. बोटांचं काम गालाकडे जातं, गालाचं शेजाऱ्याकडे. त्यापुढे कुणाकडे?

"टोचतंय, भाऊ."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तो फडका बादलीत टाकला. ते दोरीकडे वळले. मग त्यांनी स्वतः तपासलेले, वाळून घडीला आलेले सगळे फडके एकेक करून काढले आणि पुन्हा पाण्यात बुडवले.