आत्याबाई चावडीवर चढल्या तो दिवस

बाजाराचा दिवस होता. सगळं गाव हसनाबादला गेलेलं, आणि मी मळ्यात एकटीच म्हशीसाठी गवत कापत होते... निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी एकोणीस-वीस वर्षांची, पदरात एक लेकरू.

आता माझं वय सत्त्याण्णव. मी बोलतेय आणि नातसून मोबाईलवर टाईप करतेय. "आजी, नक्की पोस्ट करू ना?" असं तिने दोनदा विचारलं. म्हटलं, कर बाई... यात मला लाजण्यासारखं काहीच नाही.

तर दुपारी तात्या आले. सासऱ्यांचे चुलतभाऊ. कपाळाला गंध, एकादशी कधी चुकवायचे नाहीत. गावात कुणाचं भांडण झालं तर मिटवायला यांनाच बोलवायचे.

"सूनबाई, पाणी पाज," म्हणाले. मी तांब्या भरायला वाकले आणि त्यांनी मला मागून धरलं.

मी ओरडले, पण ऐकणार कोण... विळ्याची मूठ त्यांच्या कपाळावर हाणली तेव्हा कुठे सुटले. बांगड्या फुटून मनगटं रक्ताळली होती, चोळी फाटली होती. तशीच पळत घर गाठलं.

खरं सांगू? मला तात्यांपेक्षा जास्त धास्ती सासूची होती. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. मी मोठ्याने हसले तरी त्या डोळे वटारायच्या. आता ही बाई मलाच घराबाहेर काढणार, असंच वाटत होतं...

दिवस मावळायच्या आत त्या बाजारातून आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पाणी गरम केलं, माझी मनगटं धुतली, हळद लावली. एकच प्रश्न विचारला... "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर झालं होतं. तात्याच उलटं सांगत सुटले होते, की सुनेनंच बोलावलं. भोकरदनच्या ठाण्यात जावं तर सगळा कारभार उर्दूत, आम्हाला कोण विचारतंय. म्हणून पाटलांनी चावडीवर बोलावलं.

पुरुष वर बसले, आम्ही बाया खाली उभ्या. आणि मग सुरू झालं... बाजाराला का न्हाई गेली? एकल्या माणसाला पाणी कशाला पाजलं? पदर ढळला असंल. एक म्हातारे तर म्हणाले, "तात्याची बायको चार महिन्यांपून माहेरी हाय. त्यात ऊन. पुरुषाचं डोकं फिरतंय कधी कधी."

माझा नवरा खाली मान घालून बसला होता. मला वाटत होतं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

तेवढ्यात आत्याबाई चावडीची पायरी चढल्या. आमच्या गावात तोवर कुठलीच बाई ती पायरी चढली नव्हती.

"पाटील, काल सकाळी हे बाजारात होते. म्या डोळ्यानं पाह्यलं. तिथं शंभर बाया होत्या. तिथं न्हाई ऊन लागलं? तिथं न्हाई बायकोची आठवण आली? मळ्यात कुणी न्हाई हे बराबर हेरलं अन् जल्दी माघारी फिरले. असं हेरून येणाऱ्याचं डोकं बिलकुल जाग्यावर असतंय."

मग त्या म्हणाल्या, "अन् पाणी मागंल त्याला पाजायचं, हे मीच शिकवलंय तिला. चूक असंल तर मला विचारा."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईकडे मान वर करून पाहिलं...

आणि मागून आवाज आला, "मलाबी." धनगरवस्तीवरची काशी होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मेंढरं राखायची. "तीन साल झाले, ह्यांनीच मला रानात धरलं. तवा तुम्हीच म्हणले, एकली रानात हिंडती, मंग दुसरं काय व्हनार. म्या गप बसले. आज न्हाई बसत."

आता पाटलांना टाळता येईना. "तात्या, दोघींची माफी मागा," म्हणाले. तात्या काही पुटपुटायला लागले.

मला कुठून बळ आलं माहीत नाही. म्हटलं, "माफी नको. काशी अन् मी रानात जात होतो, तशाच जाऊ. ह्यांनी एकल्यानं रानात पाय टाकायचा न्हाई."

पाटलांनी ते मान्य केलं. सगळ्या गावासमोर. तात्यांना आपल्याच शेतात जायचं तर गडी सोबत घ्यावा लागायचा... वर्षाच्या आत ते परभणीकडे लेकीच्या गावी निघून गेले ते गेलेच.

घरी येताना नवरा म्हणाला, "मी बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, व्हय, पाहिजे होतं. पण पुढे जन्मभर तो माणूस कुठल्याही बाईबद्दल कुणाला वाकडं बोलू द्यायचा नाही.

लोकांची तोंडं काही लगेच बंद झाली नाहीत. पाणवठ्यावर कुजबुज बरीच वर्षं चालली. मी आणि काशी मात्र दुसऱ्याच दिवशी रानात गेलो.

मला तीन सुना आल्या, नातसुना आल्या. एकटी जाऊ नको, असं मी एकीलाही म्हटलं नाही. पोरांना मात्र मिसरूड फुटायच्या आधी समोर बसवून सांगितलं, की ऊन, दारू, बायको माहेरी... यातलं कुठलंच कारण माझ्या घरात चालणार नाही.

आत्याबाईंना सही येत नव्हती, अंगठा उठवायच्या. त्यांचं नाव कुठल्या कागदावर राहिलं असेल असं वाटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवायला सांगतेय. गयाबाई. मी त्यांची सून.