पुनावळ्याची गंगूबाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या माझ्या सासऱ्यांना तर नाहीच. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — यातही काही मोठं धाडस नाही, मला कल्पना आहे.

मी चिंचवडला प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत, शिफ्टच्या कामावर. आमचं ख्रिस्ती घर, मूळचं नगर जिल्ह्यातलं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. चाळीस वर्षं ते उपदेशक म्हणून गावोगाव पायी फिरले आणि म्हातारपणी आमच्या दोन खोल्यांत राहायला आले. येताना एक ट्रंक आणि एक जुनं मराठी बायबल तेवढं बरोबर आणलं. त्याच पुस्तकावर ते अक्षरं शिकले होते. आई मरणाला टेकली तेव्हा त्यातूनच तिला वाचून दाखवलं होतं. पानं सुटली की खळ लावून चिकटवायचे, पण दुसरी प्रत घ्यायचं नाव काढायचे नाहीत.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. पुण्यात काही मंडळी बायबलचं सोप्या मराठीत नवं भाषांतर करत होती. त्याचे कच्चे मसुदे आमच्या पाळकसाहेबांकडे यायचे. एका रविवारी उपासनेत त्यांनी जुन्याऐवजी तो मसुदा वाचायला घेतला, आणि मामंजी उठून बाहेर गेले. पुढच्या रविवारीही तेच. दाराबाहेर, चपलांच्या रांगेशेजारी बसून राहायचे. म्हणायचे, मूळ शास्त्र देवानं लिहवून घेतलं, ते ईश्वरप्रेरित. पुण्यात सहा माणसं चहा पीत पीत शब्द निवडतात, त्यात देवाचा श्वास कुठून यायचा? पाळकसाहेब हसून विचारायचे, "अहो, मग तुमचं जुनं काय आभाळातून पडलं? तेही माणसांनीच केलं ना?" हे ऐकलं की मामंजी जास्तच हट्टाला पेटायचे. ज्यांनी शेकडो लोकांना देवळाच्या आत आणलं, ते स्वतः चपलांपाशी बसलेले — मला ते बघवत नसे. पण मी जे केलं ते त्यांच्यासाठी केलं, असं कृपा करून समजू नका.

भाषांतर पारखायची एक पद्धत होती. मसुद्यातला उतारा घेऊन खेड्यात जायचं. ज्यांनी बायबल कधी ऐकलेलं नाही, ज्यांना वाचता येत नाही, अशा चार जणींना तो दोनदा वाचून दाखवायचा. मग विचारायचं, काय ऐकलंत, तुमच्या शब्दांत सांगा. त्या बोलतील ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. सुचवायचं नाही, सुधारायचं नाही. कागद पुण्याला जायचे आणि त्यावरून भाषांतर बदलायचं. हे काम पाळकसाहेबांनी मला दिलं, कारण माझं अक्षर चांगलं.

थेरगावला मी गेले. पहिल्याच ओट्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई भेटली. माझ्या हातातले कागद बघून म्हणाली, "बाई, तुमी धरम बाटवायला निघाला काय?" ती थट्टेनं म्हणाली असेल. पण मी तिथूनच परत फिरले. उद्या शाळेत गवगवा होईल, हेडमास्तर बोलावतील — चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पुढचं गाव पुनावळे. थेरगावहून चालत तासभर लागला असता.

मी गेले नाही.

दोन शनिवार घरीच बसले आणि चारही उत्तरं स्वतः लिहिली. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा ना. भीती हे एक कारण. दुसरं कारण सांगायला जास्त जड जातं. मला वाटायचं, खेड्यातली बाई काय बोलणार हे मला कळत नाही होय? शाळेत माझ्या नकला प्रसिद्ध होत्या. मावळी बोली काढून दाखवली की सगळ्या शिक्षिका पोट धरून हसायच्या. मग चार बायका घडवणं काय अवघड? नावं ठेवली, वयं घातली. त्यांतली एक — गंगूबाई, पुनावळे, वय साठ.

उतारा होता अठरा वर्षं पाठीत वाकलेल्या बाईचा, जिला येशूनं सरळ केलं. गंगूबाईच्या तोंडी मी लिहिलं: "अठरा वर्सं तिनं आभाळ बघितलं न्हाई. मान्सं बी पायावरनंच वळखायची. देवानं हात लावला, मंग पयल्यांदा आपल्या लेकाचं तोंड बघितलं." लिहून झाल्यावर मी खूश झाले होते. हेही सांगायलाच हवं.

कागद पुण्याला धाडायच्या आधी पाळकसाहेबांनी ते मामंजींना दाखवले. मामंजींनी गंगूबाईचं उत्तर वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. चाळीस वर्षं ते ही गोष्ट सांगत आले होते, पण त्या बाईला लेकाचं तोंड दिसत नसेल हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. म्हणाले, "हिला कोणी शिकवलं? अक्षरशत्रू बाई, आणि हे बोलते? सूनबाई, मी चुकलो. भाषांतर करणारे चहा पीत असतील नाहीतर सरबत. ऐकणारीच्या कानात देव बोलला, मग आणखी काय पाहिजे?" रविवारी ते आत आले, पहिल्या रांगेत बसले. नवरा मला हळूच म्हणाला, तू मोठं काम केलंस.

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का? पण कोणत्या तोंडानं?

आठवड्यानं मामंजींनी काठी घेतली. चल, मला त्या गंगूबाईला भेटायचंय. बुडत्याचा पाय खोलात — मी म्हटलं, मामंजी, ती वारली. इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच भीती वाटली. ते खाली बसले. त्या दिवसापासून संध्याकाळच्या प्रार्थनेत, आम्हा सगळ्यांच्या नावांनंतर, ते पुनावळ्याच्या गंगूबाईचं नाव घेऊ लागले. रोज. मी डोळे मिटून 'आमेन' म्हणायची. माझी मुलंही म्हणायची.

पुढे मामंजी अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांत एकदा माझा हात धरून म्हणाले, "वर गेल्यावर गंगूबाईला शोधीन. विचारीन, हे तुला कसं सुचलं?" चेहऱ्यावर हसू होतं. मी त्यांचा हात दाबला आणि गप्प बसले. खोटं लिहिणं एक वेळ भित्रेपणा असेल. तो क्षण मात्र मला आजही गिळता येत नाही.

नवं भाषांतर छापून आलं. त्या गोष्टीतल्या एका वाक्याची ठेवण गंगूबाईच्या उत्तरावरून बदलली, असं पाळकसाहेबांनी कौतुकानं सांगितलं. ते वाक्य उपासनेत वाचलं जातं आणि लोक देवाचं वचन म्हणून उभं राहून ऐकतात. ते ईश्वरप्रेरित आहे का? मामंजी म्हणायचे, जुन्या करारातल्या एका गोष्टीत देव गाढवीच्या तोंडूनही बोलला होता. पण त्या गाढवीनं आपण दुसरीच कुणी आहोत असं सांगितलं नव्हतं. त्या गोष्टीमागे मी लपणार नाही.

गेल्या महिन्यात मी पुनावळ्याला गेले. एकटी, छापील पुस्तक पिशवीत घालून. पहिल्याच अंगणात एक म्हातारी तांदूळ निवडत होती, पाठीत चांगलीच वाकलेली. नाव पारूबाई. तिचं माहेर पवना नदीच्या वरच्या अंगाला, मावळात. मी कोण, कुठली, हे आधी सांगितलं, ख्रिस्ती आहे हेही. "मंग बस की," म्हणाली. मी तीच गोष्ट दोनदा वाचली आणि ठरलेला प्रश्न विचारला. तिचे हात सुपातच होते. म्हणाली, "तिनं काई मागितलं न्हाई. त्यानंच हाक मारली तिला. मागितल्याबिगर कोन देतं, बाई?"

मी तिसऱ्यांदा वाचलं, मनातल्या मनात. खरंच, ती बाई काहीच मागत नाही. मला ते कधी दिसलं नव्हतं, मामंजींनाही नाही.

मग राहवलं नाही. म्हटलं, एक बाई म्हणाली होती, वाकलेल्या माणसाला आभाळ दिसत नाही. पारूबाई हसली. "दिसत न्हाई कसं? लावनीला वाकलं की खाचरातल्या पान्यात आख्खं आभाळ आसतं. ती बाई कदी लावनीला गेली न्हाई वाटतं."

"नाही," मी म्हटलं. "कधीच गेली नाही."

तिचं सगळं बोलणं मी तिथेच बसून उतरवलं, सुधारलं नाही. ती दर शनिवारी ये म्हणाली. शेजारणींनाही बोलावते म्हणाली. त्यानंतर मी तीनदा जाऊन आले. मागच्या खेपेला सातजणी होत्या, आणि त्या आपापसांत भांडल्यासुद्धा.

पुण्याला पाठवायचं पत्र आज लिहून झालं. चारही उत्तरं मी रचली होती, गंगूबाई नावाची बाई मला कधी भेटलीच नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. रविवारी उपासनेत उभी राहून हेच सांगणार आहे. ते ऐकून मंडळींना काय वाटायचं ते वाटो. त्यानंतर पारूबाईचं उत्तर वाचून दाखवीन, तिचं नाव घेऊन, तिच्याच शब्दांत.