व्याह्यांचा माफीचा शनिवार

माफी मागून भांडण वाढवणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. गोंदिया तोडून जिल्हा अर्धा केला. पण अख्खा होता तेव्हाही त्यात असा दुसरा नसावा. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन ते शहापूरला राहत. राग कायम नाकावर. रागीट माणसं आमच्या चर्चच्या मंडळीत पुष्कळ आहेत, मीही आहे. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाआधी, पाळकसाहेब सांगतात की कोणाशी वाकडं असेल तर आधी समेट करा, मग भाकर आणि प्याला घ्या. आम्ही सगळे खाली बघतो आणि घेतो. व्याही घेत नसत. एकदा तर भर उपासनेतून उठले, सायकल काढली आणि चक्कीवाल्याची माफी मागायला गेले. पीठ जाड दळलं म्हणून त्याच्यावर ओरडलो हे चुकलं, एवढं म्हणून थांबायचं, तर पीठ खरंच किती जाड होतं ते, वाटेत घरून उचललेल्या डब्यातून मूठभर काढून दाखवलं. चक्कीवाल्याने डबा रस्त्यावर नेऊन ठेवला. ते परत आले तोवर प्याले धुऊन झाले होते. तेव्हापासून त्या रविवारचा आदला शनिवार त्यांनी माफीसाठी राखून ठेवला. धुतलेला सदरा घालून निघत.

माझ्याशी त्यांचं वाजलं ते नातवाच्या बाप्तिस्म्याला. जेवण माझ्या घरी होतं. चार पाहुण्यांत ते म्हणाले, सुनेला, म्हणजे माझ्या मुलीला, भात रांधता येत नाही, मायनेच शिकवलं नसेल. धानाच्या मुलखात हे बोलणं. मी म्हटलं, मग उठा. ते भरल्या पानावरून उठले. पुढचे आठ महिने दर आदल्या शनिवारी माझ्या ओसरीवर हजर.

"इहीनबाई, माफी मागाले आलो."

"मागा."

"पन भाताचा चिखल झाला होता, हे तं खरं हाये ना?"

"माफी मागाले आले का भांडाले?"

"भांडन सांगतल्याबिगर माफी कायची मागू?"

आणि तणतणत सायकलवर बसत. दुसऱ्या दिवशी भाकरीची ताटली त्यांच्यापुढून तशीच पुढे जाई. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसत. माझी मुलगी सासऱ्यांबद्दल सांगायची, "आई, बाबा त्या रविवारी घरी येऊनही जेवत नाहीत." ढोंग, मी म्हटलं.

नवव्या शनिवारी आले तेव्हा दम्याने बोलणं होत नव्हतं. "त्या दिवशी भात..." म्हणून थांबले, पाणी प्याले. मी तांदूळ निवडत होते. मग म्हणाले, "माह्याच्यानं होऊन नाही राहिलं, इहीनबाई. तोंड उघडलं का राग येते. वीस वर्षं झाले, देवाले सांगून राहिलो."

"मंग तोंड बंद ठेवा."

ठेवलं. नुसते हात जोडले. मी म्हटलं, "जा. घ्या उद्या."

घेतली त्यांनी भाकर. रडले-बिडले नाहीत. बाहेर येताच, प्याल्यातला द्राक्षरस पाणचट होता म्हणून पाळकसाहेबांशी वाद घातला, म्हणजे पुढचा शनिवार लागलाच. असे चार-पाच शनिवार झाले असतील, मग दम्याने त्यांना नेलं.

लोक त्यांना हट्टी म्हणत, मीही म्हणे. पण त्या आठ महिन्यांत भाकर मी दर वेळी घेतली. भांडण दोघांचं होतं. याबद्दल मला कोणी विचारलं नाही, त्यांनीसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते. तरी विचारायला हवं होतं.